नकाशात पांढरं राहिलेलं बेलखापा

"मॅडम, आमचं गाव पांढरं काहून हाय जी?"

प्रश्न मागच्या रांगेतून आला. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका मंगल कार्यालयात आमच्या सर्व्हेचा निकाल दाखवायचा कार्यक्रम चालू होता. समोर पडद्यावर नकाशा होता. मधोमध सौंसर आणि त्याच्या भोवती चाळीसेक गावं. काही हिरवी, काही पिवळी, काही पांढरी. मी हातात माईक घेऊन उभी होते. बाजूच्या खुर्चीवर माझे वरिष्ठ, त्रिवेदी सर बसले होते. ते भोपाळहून सकाळीच आले होते.

मी उत्तर दिलं, "हिरवं म्हणजे तिथले लोक कामासाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी भरपूर प्रवास करतात. पिवळं म्हणजे मध्यम. पांढरं म्हणजे प्रवास जवळजवळ नाही."

"म्हंजे बेलखाप्याचे लोक कोठीच जात नाई?"

"सर्व्हेमध्ये तसं आलं आहे."

"सर्व्हे तं मीच केला ना मॅडम त्या गावचा."

हॉलमध्ये हशा पिकला. विचारणारी बाई उभीच होती. मी तिला ओळखलं. ज्योती सोमकुंवर. बेलखाप्याची आशा कार्यकर्ती. घरोघरी जाऊन गरोदर बायांची, लहान पोरांची नोंद ठेवणं हे तिचं रोजचं काम. आम्ही सर्व्हेसाठी गावागावातल्या अशाच माणसांना घेतलं होतं. त्यांना घरं माहीत असतात आणि लोक त्यांना दारातून परत पाठवत नाहीत.

त्रिवेदी सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "नोट कर लीजिए. आगे बढ़िए."

मी वहीत लिहिलं, "बेलखापा, तपासणे." आणि पुढची स्लाइड लावली.

माझं काम आधी सांगते. मी नगर-नियोजनाच्या क्षेत्रात आहे. आमची खासगी फर्म सरकारी विभागांसाठी शहरांचं प्रोफाइल तयार करते. प्रोफाइल म्हणजे एका शहराचा आणि त्याच्या आसपासच्या गावांचा सविस्तर अहवाल. शहर कशावर चालतं, गावांतले लोक तिथे कशासाठी येतात, कुठे शिकतात, कुठे माल विकतात, आजारी पडले तर कुठे जातात. हे सगळं घरोघरी विचारून जमा करायचं, नकाशावर मांडायचं आणि विभागाला द्यायचं. त्यावरून रस्ते, बस, दवाखाने ठरतात. निदान तसं अपेक्षित असतं.

पांढुर्णा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. इतकी वर्षं कलेक्टर ऑफिसच्या कामाला लोक छिंदवाड्याला जायचे, आता पांढुर्ण्याला जायचं. दिशाच बदलली. त्यामुळे विभागाला सौंसर आणि आसपासच्या गावांचं नवं प्रोफाइल हवं होतं. त्याला जोडून एक योजना होती. आतल्या गावांमधून सकाळ-संध्याकाळ छोट्या बस सोडायच्या. कोणत्या गावाला बस द्यायची हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं. हिरव्या गावांना आधी, पिवळ्यांना नंतर. पांढऱ्यांना नाही.

मला हे काम मिळालं त्याला एक कारण होतं. मी इथलीच. मोहगावची. सौंसरहून फार लांब नाही. वडलांची संत्र्याची बाग होती, अजून आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, ऑफिसात हिंदी. त्रिवेदी सर विभागाच्या मीटिंगमध्ये मला पुढे करून सांगायचे, "अर्चनाजी लोकल हैं. इनसे कुछ छूटेगा नहीं."

कार्यक्रम दुपारी संपला. ज्योतीताई निघून गेल्या होत्या. मी लॉजवर आले, लॅपटॉप उघडला आणि नकाशा पुन्हा पाहिला. या वेळी गावं न पाहता रंग पाहिले.

पांढरी गावं विखुरलेली नव्हती. सगळी एका बाजूला होती. खालच्या बाजूला, दक्षिणेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून सात गावांचा एक पट्टाच पांढरा होता. वर छिंदवाड्याच्या रस्त्याला सगळं हिरवं. पांढुर्ण्याच्या दिशेला हिरवं-पिवळं. आणि खाली काहीच नाही. जणू हद्दीजवळच्या गावांतली माणसं घरात बसून राहतात.

मी बेलखाप्याचे फॉर्म उघडले. आमचा सर्व्हे टॅबवर होता. प्रवासाच्या प्रश्नाला एक यादी होती. बोटाने दाबलं की गावांची नावं खाली उघडायची, त्यातलं एक निवडायचं. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, बोरगाव, छिंदवाडा, मुलताई, बैतूल, भोपाळ. शेवटी "अन्य".

बेलखाप्यात एकामागून एक घर "अन्य" होतं.

कॉम्प्युटर प्रवास मोजतो तो अंतरावरून. सौंसर निवडलं तर त्याला अंतर माहीत. "अन्य"ला अंतर नाही. म्हणून त्याने ते शून्य धरलं होतं. शून्य म्हणजे पांढरं.

यादीत नागपूर नव्हतं.

ती यादी मी बनवली होती. खरं म्हणजे बनवलीही नव्हती. आधीच्या एका प्रोजेक्टमधून उचलली होती. ते शहर मध्य प्रदेशाच्या पोटात होतं, त्याच्या चारी बाजूंना मध्य प्रदेशच. तिथे अशी यादी चालून गेली. मी जुनी नावं काढली, इथली नावं घातली, आणि नावं घालताना जिल्हा आणि राज्य यांच्या चौकटीतच फिरले.

माझं कॉलेज नागपूरला झालं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं. माझ्या लग्नाचा बस्ता नागपूरहून आला होता. आमच्या भागात "मोठ्या दवाखान्यात नेलं" म्हटलं की कोणत्या गावी हे कुणी विचारत नाही. आणि मी यादीत बैतूल घातलं होतं, जिथे मी आयुष्यात दोनदा गेले असेन.

मग फॉर्मच्या शेवटी असलेला शेऱ्याचा रकाना उघडला. तिथे हवं ते टाइप करता येतं. ज्योतीताईंनी बेलखाप्याच्या जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये एक शब्द टाइप केला होता. "नागपुर." कुठे "नागपुर दवाखाना", कुठे "नागपुर काम", कुठे "सावनेर कॉलेज". तो रकाना कुणी वाचला नव्हता. वाचायचं काम माझं होतं.

आणि मला फोन आठवला. सर्व्हेच्या दुसऱ्या दिवशी ज्योतीताईंचा आला होता. मी तेव्हा पांढुर्ण्यात एका ऑफिसबाहेर उभी होते.

"मॅडम, यादीत नागपूर नाई हाय."

"अन्य टाका ना ताई."

"सगळ्यायचंच अन्य टाकू का?"

"हो, टाका."

एवढंच बोलणं. त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. आठवला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी त्रिवेदी सरांना हे सगळं दाखवलं. ते भोपाळला परत निघायच्या तयारीत होते. बॅग खाली ठेवून त्यांनी नीट ऐकलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे सांगायला हवं. फक्त त्यांना एकदा बंद केलेली फाइल उघडायला आवडत नाही.

"अन्य में शादी-ब्याह भी आता है, मायका भी आता है," ते म्हणाले. "सबको नागपुर कैसे मान लें? दूसरे गाँवों में रिमार्क भरे हैं क्या?"

"नाही सर. बाकीच्यांनी रिकामे सोडलेत. फक्त ज्योतीताईंनी भरलेत."

"फिर? एक वर्कर के रिमार्क पर पूरा नक्शा बदल दें?"

त्यांचं बरोबर होतं. एका बाईच्या शेऱ्यांवरून सात गावांचे रंग बदलता येत नाहीत. आमच्या धंद्यात पुरावा लागतो.

"मोजते सर."

"सोमवार को फाइनल देना है."

त्या दिवशी मंगळवार होता.

बेलखापा हायवेपासून तीनेक किलोमीटर आत आहे. गावात बस येत नाही. लोक पायी किंवा कुणाच्या गाडीवर बसून फाट्यावर येतात, म्हणजे गावाचा रस्ता जिथे हायवेला लागतो तिथे. तिथून नागपूरकडे जाणारी खासगी बस, जीप, जे मिळेल ते धरतात. रेल्वे आहे, पण स्टेशन फाट्याहून आणखी लांब. त्यामुळे मोजायचं तर फाट्यावर. कोण आलं, कुठून आलं, कुठे चाललं, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा. प्रत्येकाला एवढंच विचारायचं.

मी ज्योतीताईंना फोन केला. चूक सांगितली. 

मग त्या म्हणाल्या, "म्या तं तेव्हाच सांगून राहिली होती मॅडम."

"हो. माझंच चुकलं."

"मंग आता?"

"उद्या पहाटे फाट्यावर येता का? लोक मला सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील."

"येतो ना. मले तं तसंबी लवकरच उठा लागते."

बुधवारी साडेपाचला मी फाट्यावर पोचले तेव्हा ज्योतीताई आधीच उभ्या होत्या. डोक्याला स्कार्फ, अंगावर नवऱ्याचा स्वेटर. डिसेंबरची थंडी होती. उसाच्या रसाची एक बंद गाडी होती, तिच्या फळीवर वही ठेवून आम्ही सुरुवात केली.

आधी बाया आल्या. दहा-बाराजणी. सगळ्यांच्या हातात डब्याच्या पिशव्या. हद्दीपलीकडच्या एका गावात संत्रा निवडून पेटीत भरायचं काम होतं, तिथे चालल्या होत्या. अंबिया बहार तुटत होता, म्हणजे हिवाळ्यात येणारा संत्र्याचा हंगाम. मग दोन-तीन माणसं नागपूरच्या बांधकामावर जाणारी. मग चार मुली, नागपूरच्या रस्त्यावर लागणाऱ्या सावनेरच्या नर्सिंग कॉलेजच्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, आमी रोजच जातो. तुमाले कोन सांगतलं का आमी जात नाई म्हून?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मीच सांगितलं."

सात वाजायच्या सुमारास गावाच्या रस्त्यावरून एक जोडपं येताना दिसलं. बाई थोडं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. माणूस तिच्या गतीने चालत होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची घडीची खुर्ची. फाट्यावर आल्यावर त्याने खुर्ची उघडली आणि बाईला बसवलं. मग खिशातून रुमाल काढून स्वतःचं तोंड पुसलं.

"हे प्रल्हादभाऊ," ज्योतीताई हळूच म्हणाल्या. "अन् थ्या निर्मलाबाई." मग मोठ्याने विचारलं, "कोठी चालले काकाजी?"

"तुले माहीत नाई का वो?"

"माहीत हाय. पन मॅडमले तुमच्या तोंडून लिहाचं हाय."

प्रल्हादभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "नागपूर. डायलिसिसले."

मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्त मशीनने साफ करावं लागतं, ते डायलिसिस. चार तास पलंगावर पडून राहायचं. चुकवता येत नाही.

"आठवड्यातून किती वेळा?"

"दोनदा. बुधवार अन् शनवार."

"इकडे सरकारी दवाखान्यात होत नाही का?"

"होते म्हनतात. पन पयलेपासून तिथंच चालू हाय. डॉक्टर तिथला हाय, फाइल तिथं हाय. आमाले नागपूरच जवळ पडते जी."

"जाताना किती वेळ लागतो?"

"नागपूरचा रस्ता काई नाई. गावातून फाट्यावर याचा रस्ताच लंबा हाय." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "हिले तीनदा बसा लागते."

 निर्मलाबाईंनी ज्योतीताईंना विचारलं, "तू आली होती ना घरी मशीन घेऊन? तवाच तं सांगतलं सगळं. काय लेहलं होतं वो?"

ज्योतीताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"अन्य," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे... दुसरं कुठेतरी."

"दुसरं कोठी जातो आमी?" निर्मलाबाई म्हणाल्या. रागावून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

 मी वहीत लिहिलं. बेलखापा, नागपूर, दवाखाना, आठवड्यातून दोन वेळा, दोन माणसं.

बस आली तेव्हा भरलेलीच होती. कंडक्टरने खुर्ची टपावर टाकली. प्रल्हादभाऊंनी निर्मलाबाईंना पुढच्या दारातून चढवलं. आत कुणीतरी जागा दिली असेल. ते दिसलं नाही.

बुधवार आणि गुरुवार आम्ही दोघींनी बेलखाप्याच्या फाट्यावर मोजलं. हद्दीजवळच्या बाकी फाट्यांवर आमच्या बाकीच्या सर्व्हेवाल्यांना बसवलं. शुक्रवारी आणि शनिवारी दिवसभर फोन. ज्या घरांचं उत्तर "अन्य" होतं त्यांना पुन्हा विचारलं, म्हणजे नक्की कुठे. काही लोक वैतागले. एकाने सांगितलं, "बाई, एकदा सांगतलं, दोनदा सांगतलं, आता लेकाच्या लग्नात येजा, तिथं तिसऱ्यांदा सांगतो." पण सांगितलं सगळ्यांनी. मामाचं गाव, देवदर्शन, लग्नं हे बाजूला काढलं. त्रिवेदी सर म्हणाले तसं ते "अन्य"मध्ये होतंच. पण थोडं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारी घरं बरीच निघाली. तीही मी बाजूला काढली, कारण वर्षातून एकदाचा प्रवास आम्ही धरत नाही. जे उरलं ते जवळजवळ सगळं नागपूर, सावनेर आणि त्या रस्त्यावरची गावं.

रविवारी दुपारी नवा नकाशा तयार झाला. सातपैकी पाच पांढरी गावं हिरवी झाली, दोन पिवळी. सौंसर परिसरात सगळ्यात गडद हिरवं कुठलं गाव असेल, तर ते बेलखापा होतं.

त्रिवेदी सरांना मी दोन्ही नकाशे पाठवले. त्यांचा फोन आला.

"यह तो पूरा उल्टा हो गया."

"हो सर."

"ठीक है. 'अतिरिक्त सर्वेक्षण' नाम से एक चैप्टर जोड़ दीजिए. गलती क्यों लिखना?"

मला हा मार्ग सोयीचा होता. माझं नाव कुठे आलं नसतं. पण असं केलं की एकाच अहवालात दोन आकडे राहतात. पहिल्या भागात जुने, शेवटी नवे. विभागातला माणूस पहिला तक्ता पाहतो आणि पुढे जातो. मी स्वतः दुसऱ्यांचे अहवाल असेच वाचते.

"सर, शुद्धिपत्र द्यावं लागेल. जुने तक्ते रद्द, हे त्यात लिहावं लागेल."

"और वजह?"

"यादी चुकीची होती, आणि ती माझी होती, हे लिहीन."

 ते म्हणाले, "देख लीजिए. मैं साइन कर दूँगा. लेकिन सवाल आएगा तो जवाब आप देंगी."

सोमवारी पांढुर्ण्याला विभागाची मीटिंग होती. अध्यक्षस्थानी एक अधिकारी मॅडम होत्या. नव्यानेच आलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. शुद्धिपत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"यह लिस्ट किसने बनाई थी?"

"मैंने, मैडम."

"आप कहाँ की हैं?"

"मोहगाँव."

त्यांनी मान वर केली. "फिर भी?"

"जी."

त्यांनी शुद्धिपत्र फाइलला लावलं. मला वाटतं, ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग खरी अडचण निघाली. पहिल्या टप्प्यात तीनच बस होत्या. जुन्या नकाशावरून तीन मार्ग आधीच ठरले होते. बेलखाप्याचा मार्ग आता सगळ्यात वर आला होता. म्हणजे तिसऱ्या नंबरचा मार्ग खाली जाणार. तो होता कुंडालीचा. छिंदवाड्याच्या बाजूचं छोटं गाव. त्यांना पत्र गेलं नव्हतं, पण बस येणार ही बातमी पोचली होती.

मॅडमनी कुंडालीच्या नावापुढे "द्वितीय चरण" लिहिलं, म्हणजे दुसरा टप्पा. पेनचं टोपण लावलं. मीटिंग पुढच्या विषयाकडे गेली.

कुंडालीला जाऊन सांगावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कामात ते येतही नाही. पण मी दुसऱ्या दिवशी गेले. सरपंच वामनराव पंचायतीच्या ओट्यावर कापूस तोलायच्या काट्याची दुरुस्ती करत बसले होते. शेजाऱ्याचा काटा होता. मी ओळख दिली, सगळं सांगितलं. यादी, नागपूर, अन्य, फाटा, शुद्धिपत्र. त्यांनी काटा खाली ठेवला.

"म्हंजे बस नाई येत आता."

"पहिल्या टप्प्यात नाही."

"आमच्या गावचे आकडे चुकले होते का?"

"नाही. तुमचे बरोबर होते."

"मंग तुमच्या चुकीनं आमाले बस भेटली होती अन् तुमच्या दुरुस्तीनं गेली. आमी काई केलंच नाई."

"हो."

"पोट्ट्याइले सांगतलं होतं म्या, आता शाळेत बसनं जाजा." ते माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "हे जे तुमी सांगून राहिले, हे लिहून देता का?"

मी शुद्धिपत्राची एक प्रत त्यांना दिली. कुंडालीचे आकडे कायम आहेत आणि गाव पात्र आहे, हे त्यात वेगळं लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. चहा पिऊन जा म्हणाले. मी प्यायले. 

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते.

बेलखाप्याची बस आठ महिन्यांनी सुरू झाली. टेंडर, परमिट, गाडी, ड्रायव्हर यात वेळ गेला. बस गावातून फाट्यावर येते आणि मग सौंसरकडे वळते. नागपूरकडे जात नाही, कारण दुसऱ्या राज्यात जायचं परमिट वेगळं असतं आणि ते या योजनेत बसत नाही. सुटते सव्वासातला. नर्सिंगच्या मुलींना ती चालते. फाट्यावर उतरून पुढची गाडी धरतात. संत्र्याच्या कामाला जाणाऱ्या बायांना चालत नाही, त्यांना साडेपाचला निघावं लागतं. त्या अजून पायीच येतात. वेळ बदलावी असा अर्ज ज्योतीताईंनी गावाकडून दिला आहे. त्याची एक प्रत मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे अन्य मध्ये टाकू नका."

निर्मलाबाई त्या बसमध्ये एकदाही बसल्या नाहीत. बस सुरू व्हायच्या दोन महिने आधी त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. आठवड्यातून दोनदा तेवढं चालणं त्यांना होईना. प्रल्हादभाऊ शेतीसाठी गावात असतात. बुधवारी आणि शनिवारी जातात, संध्याकाळी परत येतात. आता ते बसने फाट्यावर येतात. हे मला ज्योतीताईंनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

कुंडाली दुसऱ्या टप्प्याच्या यादीत पहिल्या नंबरवर आहे. दुसरा टप्पा मी हे लिहीपर्यंत सुरू झालेला नाही. वामनरावांचा दर महिन्याला फोन येतो. ते चिडत नाहीत. "काई हाय का?" एवढंच विचारतात. मी "अजून नाही" म्हणते. ते "बरं" म्हणून ठेवतात.

फर्मने मला काढलं नाही. पुढच्या प्रोजेक्टला मात्र मुख्य मी नव्हते. फॉर्म दुसऱ्याने बनवला, मी नकाशे काढले. त्रिवेदी सर आता विभागाच्या मीटिंगमध्ये "इनसे कुछ छूटेगा नहीं" असं म्हणत नाहीत. त्याऐवजी म्हणतात, "अर्चनाजी चेक कर लेंगी." हे मला जास्त पटतं.

नव्या मुलामुलींना ट्रेनिंग देताना मी बेलखाप्याचे दोन्ही नकाशे दाखवते. ते विचारतात, मॅडम, मग यातून नियम काय काढायचा? मी फार मोठा नियम सांगत नाही. फॉर्म बाहेर जाण्याआधी तो बनवणाऱ्याने स्वतःच्या घराचा पूर्ण भरावा. आई कुठे दाखवायला जाते, भाऊ कुठे कामाला आहे, बस्ता कुठून आला, खरं खरं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि फील्डवरून कुणी फोन करून सांगितलं की यादीत एक नाव नाही, तर फोन ठेवण्याआधी ते नाव कुठलं आणि किती घरांत, एवढं विचारून घ्यावं.